सांध्यातलं पितळ

हँडलच्या खाली, आडवी दांडी जिथे पुढच्या आखूड नळीला येऊन मिळते, तिथला सांधा आधी बघावा. रंग नंतर, गिअर नंतर, आणि किंमत तर सगळ्यात शेवटी. १९७०च्या दशकातल्या ‘रॅले इंटरनॅशनल’ या इंग्लिश सायकलीत या जागी पोलादाची एक खोळ असते. तिला लग म्हणतात. दोन्ही नळ्या तिच्यात खोचलेल्या असतात. खोळीची कड सरळ कापून सोडलेली नाही. लांब निमुळतं टोक काढत, वळण घेत ती नळीवर उतरत जाते. या घाटाच्या लगना ‘कॅपेला’ म्हणत. माझ्यासमोरच्या सायकलीत उजव्या अंगाला, दांडीच्या खालच्या बाजूने रंगाची एक कपची उडाली आहे. तिथे लगची कड आणि नळी यांच्या मधे केसाएवढी पिवळी रेघ दिसते. ते पितळ. पन्नास वर्षांत ते सुटलेलं नाही, त्याला चीर गेलेली नाही, कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोकही नाही. ज्याने हा सांधा झाळला, त्याने पितळ आतवर सगळीकडे पोहोचू दिलं आणि मगच ज्योत बाजूला घेतली.

जुनी रोड सायकल उभी करावी की नवी घ्यावी, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला या पिवळ्या रेघेत दिसतं.

सायकल माझ्या मित्राच्या वडिलांची. सत्तरच्या दशकात ते शिकायला इंग्लंडला होते आणि परतताना ती बोटीने घेऊन आले. पुण्यात काही वर्षं चालवली, मग स्कूटर आली, आणि सायकल माळ्यावर गेली. मित्र आता बीआरएम करतो. दोनशे, तीनशे किलोमीटरच्या ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या सफरी. त्याला स्वतःसाठी चांगली सायकल हवी होती. ‘हिच्यावर जेवढा खर्च होईल तेवढ्यात नवी येईल,’ असं तो म्हणत होता, आणि आकड्यांत पाहिलं तर तो चुकत नव्हता. पण आकडे मांडायच्या आधी आपण कशाचे आकडे मांडतोय ते माहीत हवं, म्हणून सायकल खाली काढली.

सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्सचा स्टिकर आहे. हिरवा-सोनेरी, अर्धा उडालेला. त्यावर ५३१ हा आकडा. रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची कंपनी. टोकांना जाड आणि मधे पातळ अशी नळी ओढण्याचं पेटंट तिने १८९७ मध्ये घेतलं, आणि १९३५ मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनमच्या पोलादाची ही ५३१ नळी बाजारात आणली. नळी टोकाशी ०.८ ते ०.९ मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि मधल्या मोठ्या लांबीत ०.५-०.६ वर येते. बाहेरून व्यास तोच राहतो, सगळं पातळ होणं आतल्या आत. ताण सांध्याशी येतो, मधे येत नाही. म्हणून धातू जिथे हवा तिथेच ठेवलेला. नखाने टिचकी मारत दांडीच्या एका टोकाकडून मधे गेलं की आवाज बदलत जातो, टोकाला बुजका आणि मधे मोकळा. मला ही सायकल आवडण्याचं पहिलं कारण हा आवाज आहे.

या पातळ नळीचा एक हट्ट असतो. तिला फार तापवलं तर तिची ताकद जाते. नळीला नळी थेट वितळवून जोडणं त्या काळी तिच्या बाबतीत परवडणारं नव्हतं. लग आणि पितळ यांची गरज इथून येते. पितळ पोलादाच्या खूप आधी वितळतं. नळी आणि खोळ यांच्यातल्या बारीक फटीत ते आपोआप ओढलं जातं आणि तिथेच थिजतं. पोलाद स्वतः कधी वितळत नाही. आणि म्हणूनच, जे पितळ एकदा वितळलं ते पुन्हाही वितळवता येतं. अपघातात दांडी वाकली, तर जाणता कारागीर सांधा तापवून ती नळी काढतो आणि दुसरी बसवतो. रस्त्यावरच्या सायकलीच्या सांगाड्यातली एक नळी पन्नास वर्षांनी बदलता यावी, ही सोय मला फार मोठी वाटते. ज्यांनी ही सायकल बांधली, त्यांनी ती पुन्हा उघडता येईल अशी बांधली. जुन्या चांगल्या सायकलीत जपण्यासारखं जे असतं ते हे. वेग, वजन, आराम यांत ती नवीपुढे टिकत नाही, किंवा जेमतेम टिकते. उघडून पुन्हा बसवता येण्यात ती पुढे आहे. मग प्रश्न एवढाच उरतो की हे तिच्यात अजून शाबूत आहे का.

इथे नावावर विसंबून चालत नाही. पुढच्या नळीवर रॅलेचा बिल्ला आहे, बगळ्याच्या मानेचा. हाच बिल्ला रॅलेच्या ‘रेकॉर्ड’ आणि ‘ग्राँ प्री’ या सायकलींवरही असे. त्या नॉटिंगहॅमच्या मुख्य कारखान्यात बनत, साध्या जाड पोलादाच्या नळ्यांच्या. त्यांतल्या साध्या मॉडेलांना क्रँक कॉटर पिनने अडकवलेले. आपल्याकडे आजही दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या सायकलींना जशी पिन असते, तशीच. इंटरनॅशनल मात्र वर्कसॉपला बनली. तिथे कार्लटन नावाचा रेसिंग सायकलींचा वेगळा कारखाना होता. रॅलेने तो १९६० मध्ये घेतला आणि चांगल्या नळ्यांचं झाळकाम तिथेच चालू ठेवलं. बिल्ला एक, पण घराणी दोन. हा फरक ज्याला कळत नाही, तो नॉटिंगहॅमच्या जाड सायकलीवर वर्कसॉपचा खर्च करून बसतो.

आणि खर्च खरा कुठे वाढतो, तर आट्यांमध्ये. क्रँकचा एक्सल ज्या नळकांड्यात बसतो, त्याला आपले मिस्त्री बीबी म्हणतात. दोन्ही बाजूंनी त्यात कप आवळलेले असतात. इंग्लिश मापाचे आटे एका इंचात २४ असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले सायकलींचे आटे कंपनीने स्वतःचे ठेवले होते, एका इंचात २६. तो कप खराब झाला की बाजारात त्याला जोड मिळत नाही. वर्कसॉपच्या सायकलींचे आटे सर्वमान्य मापाचे. काकांनी (मिस्त्रींना पेठेत सगळे काकाच म्हणतात) उजवा कप उलट्या दिशेने सोडवला, आतली जुनी काळी ग्रीस पुसली आणि दुकानात पडलेला आजच्या मापाचा कप हाताने दोन फेरे फिरवून पाहिला. अडकला नाही, डुगडुगला नाही.

त्या उजव्या कपाच्या उलट्या आट्यांत बुद्धी आहे. पायडल मारताना कप ज्या दिशेने सरकू पाहतो, त्या दिशेने तो आवळला जातो. फ्रेंच आणि इटालियन सायकलींत दोन्ही कपांचे आटे सुलट असतात. उजवा कप चालता चालता सैल होण्याचं दुखणं तिथे कायमचं. प्यूजोची ‘पीएक्स १०’ घ्या. रेनॉल्ड्स ५३१चीच, देखणी, पांढऱ्या रंगाची, तिच्या काळातल्या मोठ्या मोठ्या शर्यतींत धावलेली. रसिक म्हणून मला ती इंटरनॅशनलइतकीच प्रिय आहे. पण तिच्या बीबीचं माप ३५ मिलिमीटर, पायडलचे आटे १४ मिलिमीटरचे, हँडलची दांडी २२.२ ऐवजी २२ मिलिमीटर. प्रत्येक बारीक सुट्या भागासाठी युरोपभर जुन्या मालाच्या दुकानांत पत्रं धाडायची. मित्राच्या वडिलांनी तिथून पीएक्स १० आणली असती, तर मी त्याला नवी घे म्हणून सांगितलं असतं, आणि जुनी भिंतीवर टांगायला ठेव म्हणून.

इंग्लिश आट्यांच्या या मापाला आजही जगभर बीएसए म्हणतात. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बंदुकांचा कारखाना. आपल्याकडे ज्यांनी बीएसए एसएलआर चालवली, त्यांना हे नाव चांगलंच ओळखीचं आहे. नातं नुसतं नावाचंही नाही. इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स कंपनीकडे रेनॉल्ड्स होती, १९६० पासून रॅलेही होती. त्याच कंपनीच्या भागीदारीत १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स ऑफ इंडिया उभी राहिली आणि तिथून हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए या नावांनी सायकली देशभर गेल्या. मुंबई-पुण्यातल्या घरोघरच्या काळ्या हर्क्युलिसची ही हिरवट-सोनेरी रॅले चुलत बहीण लागते.

सांगाडा जिवंत आहे की नाही, हे पाहायला यंत्रं लागत नाहीत. तिरक्या नळीच्या खालच्या अंगाने, पुढच्या लगच्या लगेच मागे, डोळे मिटून बोट फिरवायचं. सायकल कधी समोरून आपटली असेल तर तिथे नळी किंचित चुरमडते आणि रंगाखालीही ती लाट बोटाला लागते. इथे लागली नाही. मग सुतळी. मागच्या चाकाच्या डाव्या खाचेतून निघून, पुढच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेत यायचं, ताणून धरायचं, आणि सीटखालची नळी दोन्ही बाजूंच्या सुतळीपासून सारख्या अंतरावर आहे का ते मोजायचं. काकांनी पट्टी लावली, दोन्हीकडे सारखं. मित्राला म्हणाले, ‘दादा, सांगाडा सरळ आहे. आता सीट निघते का बघू. तिथे खरी परीक्षा.’

सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा, नळी पोलादाची. घामाचं आणि पावसाचं पाणी मधे शिरलं की या दोन धातूंत रासायनिक देवघेव सुरू होते. दांडा फुगतो, गंजतो आणि नळीशी एकजीव होतो. जुन्या सायकली सर्वाधिक इथे मरतात. बाहेरून चकाकणारी सायकल, आणि सीट अर्धा इंचही हलत नाही. मित्राने विचारलं, ‘काका, निघेल का?’ काका म्हणाले, ‘निघेल हो. घाई केली तर नळी जाईल, नाही केली तर नुसता वेळ जाईल.’ सायकल उलटी करून, बीबीच्या भोकातून सीटच्या नळीत भेदक तेल सोडून ठेवलं. सीट उतरवून दांड्याचं वरचं टोक व्हाइसमध्ये पकडलं आणि मग दांडा फिरवायच्या ऐवजी सगळा सांगाडाच हळूहळू फिरवला. तरफ केवढी लांब मिळते! कर्र करून आवाज आला आणि पांढरी भुकटी खाली पडली. दांड्यावर २७.२ हा आकडा कोरलेला होता. हा आकडा स्टिकरपेक्षा खरा. नळीचा बाहेरचा व्यास २८.६, आत २७.२चा दांडा बसतो म्हणजे भिंत पातळ आहे. जाड नळीच्या सायकलीत दांडा याहून बारीक लागतो. स्टिकर कुणीही छापून चिकटवू शकतं, नळीच्या आतला व्यास कुणाला चिकटवता येत नाही.

इथवर आल्यावर मागच्या गिअरकडे वळायला हरकत नाही. कॅम्पान्योलोचं ‘नुओव्हो रेकॉर्ड’ डिरेलर, इटलीतल्या व्हिचेंझाचं. १९६७ मध्ये ते आलं आणि पुढे दीड दशक शर्यतींच्या सायकलींवर त्याचंच राज्य होतं. ॲल्युमिनियमवर पेटंट या शब्दापुढे सालाचे दोन आकडे असतात. इथे ७२ आहेत. समांतरभुज चौकोनाच्या दोन भुजा, चार खिळी, आत एक स्प्रिंग. सगळं उघडं. काय कशाला ढकलतं ते लहान मुलालाही दिसावं. खिळी झिजतात, पण तुटत नाहीत. धुवायचं, तेल द्यायचं, पुन्हा लावायचं.

आणि ते चालवण्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय या सायकलीचं रसग्रहण पुरं होणार नाही. गिअरचे खटके हँडलवर नाहीत, तिरक्या नळीवर आहेत. हात हँडलवरून सोडून खाली न्यावा लागतो. खटक्याला टकटक असे ठरलेले टप्पे नाहीत. तो नुसता घर्षणावर थांबतो. साखळी मोठ्या चकतीवर चढवायची तर खटका हवा त्याहून किंचित जास्त ओढायचा, साखळी चढली की केसभर मागे सोडायचा. किती सोडायचा हे डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं. साखळी मधोमध आली नसेल तर फ्रीव्हीलवर ती किरकिरत राहते, जागेवर आली की आवाज एकदम थांबतो. चढ सुरू व्हायच्या आधी, पायात जोर असतानाच गिअर बदलून ठेवावा लागतो. चढात अडकल्यावर जोर लावून खटका ओढला तर साखळी मधेच लटकते. त्यामुळे ही सायकल चालवणारा माणूस रस्ता दोनशे मीटर पुढचा बघत असतो. या सायकलीवर बसलेल्याची नजर वेगळी होते, आणि मला ती नजर आवडते.

तरी सांगतो, देखणेपणात कॅम्पान्योलो मोठी असली तरी नुसत्या गिअर बदलण्याच्या कामात जपानी सनटूर त्या काळीही सरस होती. १९६४ मध्ये सनटूरने तिरकस भुजांचं डिरेलर काढलं. त्यात वरची छोटी चक्री फ्रीव्हीलच्या उताराला धरूनच सरकते, त्यामुळे साखळी प्रत्येक चकतीशी सारख्या अंतरावर राहते. ते पेटंट १९८४ मध्ये संपलं, आणि त्याच सुमारास शिमानोने ती कल्पना टप्प्याटप्प्याने सरकणाऱ्या खटक्याशी जोडून ड्युरा-एसवर आणली. १९९० मध्ये गिअर ब्रेकच्याच लिव्हरमध्ये गेले. तेव्हापासून हात हँडलवरून काढायची गरज उरली नाही. नवी सायकल घेणाऱ्याला हे सगळं आयतं मिळतं, आणि ते खरोखरच चांगलं आहे.

नवीच्या बाजूने बोलायला भरपूर आहे, आणि ते हातचं राखून बोलू नये. नुओव्हो रेकॉर्डला मागे २६ दात्यांच्या वर फारसं झेपत नाही. पुढचं त्या काळचं कॅम्पान्योलोचं छोटं चेनव्हील ४२ दात्यांचं. पायडलचा एक फेरा मारला की सायकल जवळजवळ ३.४ मीटर पुढे जाते. सिंहगडाच्या शेवटच्या चढाला यात गुडघे बोलायला लागतात. आजच्या साध्या नव्या सायकलीवर पुढे ३४, मागे ३४ सहज मिळतात. एका फेऱ्याला २.१ मीटर. दमलेला माणूस खाली न उतरता वर पोहोचतो. ब्रेकचं तर विचारूच नका. इंटरनॅशनलला वाइनमानचे मधून ओढले जाणारे ब्रेक आहेत. कोरड्या रस्त्यावर ते उत्तम. जुलैत वरंध घाट उतरताना ओली रिम धरायला त्यांना जो क्षण लागतो, तो क्षण मला नको असतो. तिथे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत, आणि ते फक्त नव्या सायकलीला मिळतात. वजनाची गोष्ट मात्र मोठी करू नये. ही सायकल साडेदहा-अकरा किलोच्या आसपास आहे. मधल्या किमतीची नवी ॲल्युमिनियमची डिस्क ब्रेकवाली सायकलही दहाच्या पुढेमागेच भरते.

आरामाबद्दल एक समजूत फार पसरली आहे, की पोलादी सांगाडा मऊ असतो, तो रस्त्याचे धक्के गिळतो. पोलाद कुठलंही असो, त्याचा ताठपणा सारखाच असतो. ५३१ची ताकद जास्त म्हणून नळी पातळ ठेवता येते, आणि पातळपणामुळे थोडी लवचिकता येते, एवढंच. पण धक्के जे गिळतो तो टायर. १९८०च्या दशकातल्या शर्यतीच्या पोलादी सायकलींत टायरला बोटभर जागा नसे. २० मिलिमीटरचा दगडासारखा फुगवलेला टायर, आणि त्यावर बसून लोक पोलादाच्या मऊपणाची तारीफ करत. इंटरनॅशनलचं सुख तिच्या जागेत आहे. चिमट्याच्या वरच्या टोकापासून टायरपर्यंत चांगलं अंतर आहे, मागेही तसंच, कारण ती लांबच्या सफरीसाठीही विचारात घेतलेली होती. मडगार्ड बसवायला भोकंही आहेत. ३० मिलिमीटरचा टायर आरामात बसतो. तिची मूळ चाकं चिकटवायच्या टायरची होती, आणि आजच्या साध्या ७०० सी रिम्स त्याच घेराच्या आहेत, म्हणून ब्रेकचे रबर जागचे हलवावे लागत नाहीत. रुंद टायर, कमी हवा. इथे जुनी सायकल आजच्या पद्धतीशी आपसूक जुळते.

आता नवीचं जे मला खटकतं ते. गेल्या काही वर्षांतल्या महागड्या रोड सायकलींत ब्रेकच्या नळ्या हँडलमधून, तिथून पुढच्या बेअरिंगमधून आत जातात. बाहेर एक तारही दिसत नाही. दिसायला फार सुरेख. पण वरचं एक बेअरिंग बदलायचं झालं तर नळ्या कापाव्या लागतात, तेल काढून पुन्हा भरावं लागतं. बीबीला आटे नाहीत, बेअरिंग नुसतं दाबून बसवलेलं. कार्बनच्या जागेत जरा कमी-जास्त झालं की ते करकरत राहतं. सीटचा दांडा त्या एकाच मॉडेलचा, त्याच कंपनीचा; पाच-सात वर्षांनी तो मिळेलच याची हमी नाही. कार्बनला आतून चीर गेली तर बोटाला लाट लागत नाही. अशी सायकल जितकी जलद तितकीच बंद. जलदपणासाठी ज्याला ती हवी त्याने जरूर घ्यावी, शर्यत पळणाऱ्याला दुसरा पर्याय नाही. पण शर्यत न पळणाऱ्या माणसाने, आपण काय देऊन काय घेतोय, ते पाहावं.

म्हणून मित्राला मी नवी घेताना बघायच्या गोष्टी या जुन्या सायकलीवरूनच दाखवल्या. बीबी आट्यांची असावी. आणि आश्चर्य म्हणजे पुष्कळ चांगल्या नव्या सायकलींत आजही तीच बीएसए मापाची बीबी असते. सीटचा दांडा गोल असावा, २७.२चा मिळाला तर उत्तम. तेही माप अजून चालू आहे. तारा शक्यतो बाहेरून जाव्यात. ३२ मिलिमीटरच्या टायरला जागा असावी, मडगार्डला भोकं असावीत. या यादीत कार्बन येत नाही, आणि दुकानात ज्या सायकलीपाशी लोक फोटो काढतात तीही येत नाही. बीआरएमच्या रात्री, पावसात, दिव्याच्या उजेडात घाट उतरायला त्याने अशीच एक ॲल्युमिनियमची डिस्क ब्रेकवाली सायकल घेतली. त्या कामाला तीच हवी होती. वडिलांच्या सायकलीवर ते ओझं टाकणं बरोबर नव्हतं.

पण मग त्या सायकलीचं काय? मित्राने आधी जो खर्च काढला होता, त्यातला मोठा भाग रंगाचा आणि क्रोमचा होता. सगळा रंग खरवडून, चिमट्यांना आणि मागच्या नळ्यांना नव्याने क्रोम देऊन, पावडर कोटिंग करून ‘नव्यासारखी’ करायची, असं त्याच्या मनात होतं. वडिलांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मला ती नवी करून नकोय रे. चालती करून दे.’ या एका वाक्याने खर्च निम्म्याहून खाली आला, आणि सायकलीच्या दृष्टीनेही ते योग्य होतं. पावडर कोटिंगचा जाड थर लगच्या कडा बुजवून टाकतो. कॅपेलाची सगळी वळणं त्याखाली गोलमटोल होतात. जुना रंग, जुनी अक्षरं, कारखान्यात हाताने ओढलेल्या रेषा एकदा गेल्या की परत येत नाहीत. दुरुस्ती उलटवता येते, रंगकाम उलटवता येत नाही.

केलं ते असं. पूर्ण ओव्हरऑइलिंग. गंजलेले स्क्रू ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर. नळ्यांच्या आत जवसाचं उकळलेलं तेल फिरवून ठेवलं. ते वाळून आतून पातळ थर धरतं आणि पुढचा गंज अडवतं. हबमधले छर्रे सगळे बदलले, कोन मात्र मूळचेच राहिले, कारण त्यांवर खड्डे पडले नव्हते. कॅम्पान्योलोने ते त्या काळी किती कडक केले होते हे त्यातून कळतं. दोन्ही चाकांचा आउट काढला. ब्रेकचे कडक झालेले रबर टाकून आजचे मऊ रबर लावले. वाइनमानच्या ब्रेकवर जो राग आहे त्याचं निम्मं पाप त्या जुन्या रबराचं होतं.

गिअरवर थोडा वाद झाला. मागच्या खाचांमधलं अंतर १२० मिलिमीटर होतं, पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलचं. पोलाद असल्यामुळे ते हळूहळू ताणून १२६ करता येतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या सांगाड्याला असं कुणी करू धजणार नाही. काकांनी ते केलं, आणि नंतर पुन्हा सुतळी लावून दोन्ही बाजू सारख्या उघडल्या आहेत ना ते पाहिलं. जुन्या हबवर आजही बाजारात मिळणारं सहा चकत्यांचं फ्रीव्हील आटे जुळून सरळ चढलं, सर्वांत मोठी चकती ३२ दात्यांची. नुओव्हो रेकॉर्ड ते पेलणार नाही, म्हणून लांब पिंजऱ्याचं जपानी डिरेलर लावलं. मित्र हळहळला, त्याला सगळं मूळचं हवं होतं. माझं मत असं की ज्यांच्यासाठी ही सायकल उभी केली त्या वडिलांच्या गुडघ्यांना ४२ आणि ३२ची जोडी, म्हणजे एका फेऱ्याला पावणेतीन मीटर, जमते. २६ आता जमणार नाहीत. नुओव्हो रेकॉर्ड धुऊन, तेल देऊन, कापडात गुंडाळून ठेवलं आहे. एक बोल्ट आणि एक तार सोडवली की ते परत जागेवर जातं. नळीवरचे खटके मात्र मूळचेच आहेत. त्यांना टप्पे नसल्यामुळे मागे कुठलं डिरेलर आहे आणि किती चकत्या आहेत याने त्यांना काही फरक पडत नाही.